देवत्व पावलेल्या रोमन सम्राटांची नाणी: नव्या संग्राहकासाठी मार्गदर्शक

रोमन साम्राज्यात एखादा सम्राट मरण पावला आणि त्याची कारकीर्द मानाने संपली असेल, तर सिनेट ठराव करून त्याला देवत्व बहाल करीत असे. त्याच्यासाठी पुरोहित नेमले जात, कधी मंदिर उभारले जात असे, आणि पुष्कळदा त्याच्या नावाने नाणी पाडली जात. ही नाणी जमवू इच्छिणाऱ्याने एक गोष्ट पहिल्या दिवसापासून ध्यानात ठेवावी. नाण्यावर चेहरा मृताचा असला, तरी ते पाडणारा हात जिवंत माणसाचा आहे, आणि त्या जिवंत माणसाला त्या मृताकडून काहीतरी हवे आहे. सिंहासनावरचा हक्क, सैन्याची निष्ठा किंवा घराण्याची प्रतिष्ठा यांपैकी काय हवे होते, हे शोधत संग्रह केला तर त्याला अर्थ येतो. केवळ चेहरे मोजत गेल्यास तो अर्थ येत नाही. म्हणून या लेखातील प्रत्येक पायरीवर ‘हे नाणे कोणाचे?’ या प्रश्नाबरोबर ‘हे कोणी पाडले आणि केव्हा?’ हा प्रश्नही विचारला आहे.

पहिली पायरी: कोण देव झाले आणि कोण नाही, हे पाठ करावे

खरेदीचा विचार करण्यापूर्वी सम्राटांची क्रमवार यादी घेऊन बसावे. ज्युलियस सीझरचा खून इ. स. पू. ४४च्या १५ मार्चला झाला. त्याच वर्षी जुलैत, त्याच्या स्मरणार्थ भरवलेल्या खेळांच्या वेळी आकाशात धूमकेतू दिसला, तो सीझरचा आत्मा आहे असे लोकांनी मानले, आणि इ. स. पू. ४२मध्ये त्याला अधिकृतपणे देवत्व मिळाले. त्याचा दत्तक पुत्र ऑक्टेव्हियन, म्हणजे पुढचा ऑगस्टस, याने याचा जो उपयोग करून घेतला, तो पुढच्या चार शतकांचा नमुना ठरला. तो स्वतःला ‘दिवी फिलियस’, म्हणजे देवत्व पावलेल्याचा पुत्र, म्हणवू लागला, आणि सुमारे वीस वर्षांनी त्याने आठ किरणांचा तो धूमकेतू ‘दिवुस युलियस’ या अक्षरांसह चांदीच्या नाण्यावर आणला.

ऑगस्टस इ. स. १४च्या १९ ऑगस्टला वारला आणि पुढच्याच महिन्यात देव झाला. न्यूमेरियस अ‍ॅटिकस नावाच्या एका माजी प्रेटरने (रोममधील उच्च न्यायाधिकाऱ्याने) सम्राटाला स्वर्गारोहण करताना पाहिल्याची शपथ घेतली, आणि त्याबद्दल ऑगस्टसची विधवा लिव्हिया हिने त्याला दहा लाख सेस्टर्शियस (रोमन पितळी नाणी) दिले, असे इतिहासकार कॅशियस डायो सांगतो. त्यानंतर क्लॉडियस, व्हेस्पेशियन, टायटस, नर्व्हा, ट्राजन, हेड्रियन, अँटोनायनस पायस, ल्युसियस व्हेरस, मार्कस ऑरेलियस, पर्टिनॅक्स, सेप्टिमियस सेव्हेरस अशी ओळ चालते. टायबेरियस, कॅलिग्युला, नीरो, गॅल्बा, ओथो, व्हिटेलियस आणि डोमिशियन यांना हा मान मिळाला नाही. म्हणून कोणी ‘देवत्व पावलेल्या टायबेरियसचे नाणे’ दाखवू लागला, तर एक तर तो नाण्यावरचा लेख (कोरलेला मजकूर) चुकीचा वाचतो आहे किंवा नाणे खोटे आहे, एवढे निदान घरबसल्या करता येते.

कॉमोडसचे प्रकरण यातले सर्वांत बोलके आहे. इ. स. १९२च्या अखेरीस त्याचा खून झाल्यावर सिनेटने त्याची स्मृती पुसून टाकण्याचा ठराव केला. काही वर्षांतच सेप्टिमियस सेव्हेरसने स्वतःला मार्कस ऑरेलियसचा पुत्र जाहीर केले. मग कॉमोडस त्याचा भाऊ ठरला, आणि भावाला देव केल्याशिवाय ते नाते शोभेना. सिनेटला आपलाच ठराव उलटवावा लागला.

दुसरी पायरी: नाणे वाचायला शिकावे

लॅटिन भाषा येण्याची गरज नाही, पण रोमन लिपीतील मोठी अक्षरे झिजलेल्या धातूवर ओळखता आली पाहिजेत. या नाण्यांवर ‘यू’ हे अक्षर नसते आणि त्याच्या जागी ‘व्ही’ येते. पुरुषाच्या नाण्यावर लेखाची सुरुवात डी-आय-व्ही-व्ही-एस (दिवुस) किंवा डी-आय-व्ही-ओ (दिवो) अशी होते. पहिले रूप ‘देवत्व पावलेला अमुक’ असे नाव सांगते आणि दुसरे ‘देवत्व पावलेल्या अमुकाला’ अर्पण करते. स्त्रीच्या नाण्यावर अनुक्रमे ‘दिवा’ आणि ‘दिवे’ (डी-आय-व्ही-ए-ई) ही रूपे येतात.

नवशिक्याची फसगत होते ती ‘दिवी’ या तिसऱ्या रूपापाशी. डी-आय-व्ही-आय आणि त्यापुढे एफ, किंवा कधी ‘नेप’ म्हणजे नातू, असे दिसले तर ते नाणे मृताचे नाही. ते जिवंत सम्राटाचे आहे आणि तो आपला बाप किंवा आजोबा देव असल्याचे सांगतो आहे. अशी नाणी या संग्रहात घ्यावीत की नाहीत, हा ज्याच्या त्याच्या निवडीचा प्रश्न आहे. माझ्या मते निदान एक अवश्य घ्यावे, कारण देवत्वाचा हिशेब तिथेच उघड दिसतो.

आपल्याकडच्या वाचकाला याचे उदाहरण दूर शोधावे लागत नाही. दक्षिण भारतात, विशेषतः तमिळनाडू, केरळ आणि आंध्र या भागांत, रोमन चांदीच्या नाण्यांचे जे साठे सापडले, त्यांत दोन प्रकार फार मोठ्या संख्येने आढळतात. एक ऑगस्टसचे, ज्याच्या मागच्या बाजूला त्याचे नातू गायस आणि ल्युसियस ढाली-भाल्यांसह उभे आहेत. दुसरे टायबेरियसचे, ज्याच्या मागे एक स्त्री आसनावर बसलेली आहे. पहिल्यावर ऑगस्टस स्वतःला ‘दिवी एफ’ म्हणवतो, तर दुसऱ्यावर टायबेरियस स्वतःला ‘दिवी ऑग एफ’, म्हणजे देवत्व पावलेल्या ऑगस्टसचा पुत्र, म्हणवतो. मिरी आणि मलमलीच्या बदल्यात आलेल्या त्या चांदीबरोबर रोमच्या राजघराण्याचा दावाही अरबी समुद्र ओलांडून आला होता. चेन्नईच्या एग्मोर येथील शासकीय संग्रहालयात अशी नाणी आहेत, आणि तिथे गेल्यास हे लेख स्वतःच्या डोळ्यांनी वाचून पाहावेत.

लेखानंतर डोके पाहावे. ऑगस्टसच्या मरणोत्तर तांब्याच्या नाण्यांवर त्याच्या मस्तकावर सूर्यासारखा किरणांचा मुकुट आहे, आणि त्या काळात ती देवत्वाची खूण होती. तिसऱ्या शतकात मात्र हाच मुकुट जिवंत सम्राटांच्या अँटोनिनियानस नावाच्या, मुळात चांदीच्या, नाण्यांवर नेहमीच येऊ लागला, त्यामुळे तेव्हाच्या नाण्यांवर एवढ्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. दुसऱ्या शतकात रीत वेगळी होती. अँटोनायनस पायस आणि मार्कस ऑरेलियस यांच्या मरणोत्तर नाण्यांवर त्यांचे मस्तक पुष्कळदा उघडे, लॉरेलच्या पानांच्या मुकुटाविना आहे. राज्याची चिन्हे इथे उतरवून ठेवलेली आहेत.

मागच्या बाजूला बहुधा ‘कॉन्सेक्रातिओ’, म्हणजे देवत्व बहाल करणे, हा शब्द असतो आणि त्यासोबत ठरावीक चित्रांपैकी एखादे येते. जुपिटरचा पक्षी म्हणून पुरुषांसाठी गरुड आणि जूनोचा पक्षी म्हणून स्त्रियांसाठी मोर, अशी सर्वसाधारण विभागणी आहे, पण ती कडक नाही. ट्राजनची बहीण मार्सियाना इ. स. ११२मध्ये वारली, तेव्हा तिच्या नाण्यांवर गरुडच आहे. याखेरीज ज्वाळा उठणारी वेदी, चार घोड्यांचा किंवा हत्तींचा रथ, स्तंभ आणि चिता ही चित्रे येतात.

चितेच्या नाण्यावर थोडे थांबणे योग्य आहे. अँटोनायनस पायसच्या डिनारियस नावाच्या चांदीच्या नाण्यावर मागे चार मजल्यांची, वर निमुळती होत गेलेली एक इमारत दिसते. खालच्या मजल्यावर माळा लोंबत आहेत, मधल्या मजल्यांवर कोनाडे व पुतळे आहेत, आणि अगदी वर रथ आहे. पहिल्या नजरेला हे मंदिर वाटते, पण ती लाकडाची चिता आहे. इतिहासकार हेरोडियनने सेप्टिमियस सेव्हेरसच्या दैवतीकरणाचे जे वर्णन केले आहे, ते या चित्राशी ताडून पाहावे. इ. स. २११मध्ये सेव्हेरस ब्रिटनमधील यॉर्क येथे मरण पावला. रोममध्ये त्याची मेणाची प्रतिमा हस्तिदंती मंचकावर सात दिवस ठेवण्यात आली आणि वैद्य रोज येऊन प्रकृती खालावत असल्याचे सांगत. मग ती प्रतिमा मार्सच्या मैदानावर नेली. तिथे आत सरपण भरलेला आणि बाहेरून सोन्याच्या जरीच्या पडद्यांनी, हस्तिदंती मूर्तींनी व चित्रांनी सजवलेला मजल्यांचा मनोरा उभा होता. हेरोडियन त्याची तुलना दीपगृहाशी करतो. आग लावल्यावर सर्वांत वरच्या मजल्यातून एक गरुड सोडला जाई आणि तो सम्राटाचा आत्मा स्वर्गात नेतो, अशी श्रद्धा होती. गरुडाचे नाणे आणि चितेचे नाणे ही एकाच विधीची दोन दृश्ये आहेत, हे एकदा कळले की ती दोन्ही शेजारी ठेवावीशी वाटतात.

तिसरी पायरी: संग्रहाची हद्द आखावी

‘सगळे देव’ असे उद्दिष्ट ठेवू नये. त्यात पर्टिनॅक्स किंवा डोमिशियनचा लहानपणीच वारलेला मुलगा यांच्यासारखी दुर्मीळ नाणी येतात, आणि ती न मिळाल्याने उत्साह मावळतो. डोमिशियनच्या मुलाचे नाणे फोटोत तरी पाहून ठेवावे. पृथ्वीच्या गोलावर बसलेले उघडे बाळ आणि भोवती सात तारे असे ते चित्र आहे, आणि एका बापाच्या दुःखातही घराण्याची जाहिरात कशी मिसळलेली आहे, हे त्यात दिसते.

अनेकांना डेसियसने पाडलेल्या मालिकेचा मोह होतो. इ. स. २४९मध्ये फिलिप द अरब याचा पराभव करून गादीवर आलेल्या डेसियसच्या काळात जुन्या अकरा सम्राटांची अँटोनिनियानस नाणी पाडली गेली: ऑगस्टस, व्हेस्पेशियन, टायटस, नर्व्हा, ट्राजन, हेड्रियन, अँटोनायनस पायस, मार्कस ऑरेलियस, कॉमोडस, सेप्टिमियस सेव्हेरस आणि सेव्हेरस अलेक्झांडर. मागे एक तर गरुड आहे किंवा वेदी. नाण्यांवर डेसियसचे नाव कुठेही नाही. शैली आणि सापडलेले साठे यांवरून अभ्यासकांनी ती त्याच्याशी जोडली आहेत. अकरा चेहरे आणि दोन चित्रे अशी आटोपशीर मालिका असल्याने तिला मागणी मोठी आहे, आणि मागणी असते तिथे नकलाही येतात. शिवाय या यादीत कोण नाही, हेच अधिक महत्त्वाचे आहे. ज्युलियस सीझर, क्लॉडियस, ल्युसियस व्हेरस, पर्टिनॅक्स आणि कॅराकाला यांना वगळून कॉमोडसला घेतले आहे. तो प्रश्न समजून घेण्याइतकी तयारी झाल्यावरच या मालिकेकडे वळावे.

सुरुवातीला मी अँटोनाइन घराणे सुचवीन. हेड्रियनच्या मृत्यूपासून, म्हणजे इ. स. १३८पासून, मार्कस ऑरेलियसच्या इ. स. १८०मधील मृत्यूपर्यंतचा हा काळ आहे. चांदी बऱ्यापैकी चांगली आहे, कोरीवकाम उत्तम आहे, नाणी विपुल आहेत आणि माणसे एकमेकांत गुंतलेली आहेत. त्यातली विषमताही शिकण्यासारखी आहे. हेड्रियनवर सिनेटचा राग होता आणि त्याचा वारस अँटोनायनस याला त्याच्या देवत्वासाठी आग्रह धरावा लागला. त्या आग्रहावरूनच त्याला ‘पायस’ (कर्तव्यनिष्ठ) ही पदवी मिळाली, असे एक स्पष्टीकरण प्राचीन लेखकांनी दिले आहे. तरीही हेड्रियनची मरणोत्तर नाणी थोडीच आहेत. याउलट अँटोनायनसची पत्नी फॉस्टिना इ. स. १४०च्या अखेरीस वारल्यावर तिच्या नावाने नवऱ्याच्या उरलेल्या कारकिर्दीत, म्हणजे सुमारे वीस वर्षे, सोने, चांदी आणि पितळ अशा सर्व धातूंत नाणी निघत राहिली.

चौथी पायरी: पहिली तीन नाणी

पहिले नाणे या फॉस्टिनाचे चांदीचे डिनारियस असावे. वजन साधारण तीन ते साडेतीन ग्रॅम आणि व्यास सतरा ते एकोणीस मिलिमीटर. दर्शनी बाजूला ‘दिवा फाउस्तिना’ हे शब्द आणि उजवीकडे पाहणारा चेहरा आहे. केसांच्या वेण्या डोक्याच्या माथ्यावर गुंडाळून मोत्यांच्या सरीने बांधलेल्या आहेत. हा माथ्यावरचा अंबाडा नीट पाहून ठेवावा, कारण तिच्या मुलीचे नावही फॉस्टिनाच आहे. मुलगी मार्कस ऑरेलियसची पत्नी. तिचा अंबाडा मानेकडे खाली असतो आणि मरणोत्तर नाण्यांवर बहुधा ‘दिवा फाउस्तिना पिया’ असे लिहिलेले असते. विक्रेतेसुद्धा मायलेकींची अदलाबदल करतात, म्हणून लेख आणि केशरचना दोन्ही तपासावीत. आईच्या नाण्यामागे ‘एतेर्नितास’ म्हणजे शाश्वतता, ‘औगुस्ता’ (सम्राज्ञीची पदवी) किंवा ‘कॉन्सेक्रातिओ’ असे शब्द येतात, आणि त्यांतला पहिला किंवा दुसरा प्रकार घेतल्यास निवडीला भरपूर वाव मिळतो. तिच्या मंदिराचे चित्र असलेला प्रकार अधिक महाग पडतो. ते मंदिर रोमन फोरममध्ये आजही उभे आहे. इ. स. १६१मध्ये नवरा वारल्यावर त्याचेही नाव दर्शनी पट्टीवर कोरण्यात आले, आणि पुढे त्या खांबांच्या आत सॅन लोरेन्झो इन मिरांडा हे चर्च बांधले गेल्यामुळे ते टिकून राहिले.

दुसरे नाणे क्लॉडियस गॉथिकसचे घ्यावे. हा दुसरा क्लॉडियस. गॉथ टोळ्यांचा पराभव करून तो इ. स. २७०मध्ये सिर्मियम (आजच्या सर्बियात) येथे साथीच्या रोगाने मेला. ‘दिवो क्लाउदिओ’ असा लेख, किरणांचा मुकुट, आणि मागे गरुड किंवा चौकटींची वेदी असे हे नाणे आहे. नाव चांदीच्या नाण्याचे (अँटोनिनियानस) असले, तरी धातू जवळजवळ सगळा तांब्याचाच. देवत्व पावलेल्या सम्राटांच्या नाण्यांत हे सर्वांत स्वस्त आहे, आणि त्याचे कारण त्याची प्रचंड संख्या. अधिकृत नाण्यांच्या जोडीला गॉल (आजचा फ्रान्स), ब्रिटन आणि इतरत्र स्थानिक लोकांनी त्याच्या ओबडधोबड नकला पाडल्या. त्या नकलाही प्राचीन आहेत आणि खोट्या म्हणून टाकून देण्यासारख्या नाहीत. एक नीट अधिकृत नाणे आणि एक लहान, अक्षरे विसकटलेली नक्कल अशी जोडी घेऊन दोन्ही भिंगाखाली पाहावी. नकलेवर गरुडाच्या पंखांच्या नुसत्या रेघा होतात आणि वेदीवरच्या ज्वाळा शिंगांसारख्या दिसू लागतात. पाडणाऱ्याला लेख वाचता येत नव्हता, पण नाणे कसे ‘दिसायला हवे’ हे त्याला माहीत होते.

तिसरे कॉन्स्टंटाइनचे. ख्रिस्ती धर्माला आश्रय देणारा हा सम्राट इ. स. ३३७च्या २२ मे रोजी वारला. त्याच्या मुलांच्या काळात, मुख्यतः पूर्वेकडच्या टांकसाळींत, पाडलेले हे तांब्याचे नाणे पंधरा मिलिमीटरच्या आसपास आणि दीड ग्रॅमभर वजनाचे असते. दर्शनी बाजूला डोक्यावरून वस्त्र घेतलेला सम्राट असून नावाआधी डी-व्ही असा ‘दिवुस’चा संक्षेप आहे. मागे चार घोड्यांचा रथ असून वरून एक हात खाली येतो आहे. युसेबियस या बिशपने कॉन्स्टंटाइनच्या चरित्रात अगदी अशाच नाण्याचे वर्णन केले आहे, त्यामुळे प्राचीन ग्रंथातले वाक्य आणि हातातली वस्तू इतक्या नेमकेपणाने जुळण्याचा दुर्मीळ योग या स्वस्त नाण्याने साधतो. खरेदी करताना तो हात स्पष्ट दिसतो आहे ना, हे पाहावे. नाण्याच्या वरच्या कडेला असल्याने छाप थोडी सरकली तरी तो निसटतो. घोड्यांखाली टांकसाळीची अक्षरे असतात, आणि ‘एस-एम-ए-एन’ने सुरुवात असेल तर ते नाणे अँटिऑकचे.

पाचवी पायरी: पारख

आधी वजन करावे. शतांश ग्रॅम दाखवणारा लहान काटा, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि मिलिमीटरची मोजपट्टी एवढ्या साधनांवर बरेच भागते. मग नाण्याची कड पाहावी. साच्यात ओतून केलेल्या नकलेच्या कडेला जोड दिसतो किंवा तो घासून काढल्याच्या खुणा दिसतात, पृष्ठभागावर बुडबुड्यांचे बारीक खड्डे असतात आणि अक्षरांच्या कडा मऊ, वितळल्यासारख्या असतात. खरे नाणे दोन ठशांमध्ये धातूची चकती ठेवून हातोड्याने ठोकलेले असते, त्यामुळे धातू अक्षरांच्या बाहेरच्या बाजूला पसरल्याच्या सूक्ष्म रेषा दिसतात आणि कडेला कधी चीर गेलेली असते. अशी चीर हा दोष समजू नये.

ठसे कोरून ठोकलेल्या आधुनिक नकला ओळखणे फार कठीण असते. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कार्ल विल्हेल्म बेकर या जर्मन कारागिराने बनवलेल्या नकलांनी मोठमोठे जाणकार फसले होते. इथे उपाय तुलनेचाच. रोमन इम्पीरियल कॉइनेज या प्रमाण सूचीवर आधारलेला ‘ओसीआरई’ हा विनामूल्य आंतरजालीय कोश अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटी चालवते. त्यात लेखातली चार अक्षरे टाकली तरी नाणे शोधता येते आणि संग्रहालयांतील नमुन्यांची छायाचित्रे पाहता येतात. दर्शनी लेख आणि मागचे चित्र यांची जोडी तिथे सापडलीच नाही, तर खरेदी थांबवावी. आणि दोन वेगवेगळ्या विक्रेत्यांकडच्या नाण्यांवर झीज, चीर आणि छापेचे सरकणे तंतोतंत सारखे दिसले, तर ती दोन्ही एकाच साच्यातली समजावीत.

चांदीच्या नाण्यावर एखाद्या ठिकाणी पापुद्रा उडून आत तांबे दिसत असेल, तर ते चांदीचे पातळ आवरण चढवलेले प्राचीन खोटे नाणे असू शकते. अभ्यासाच्या दृष्टीने ते मोलाचे आहे, पण त्याची किंमत अस्सल डिनारियसची नसावी. मोठ्या पितळी सेस्टर्शियसच्या बाबतीत वेगळी काळजी घ्यावी लागते. झिजलेले केस, पंख किंवा अक्षरे अलीकडे छिन्नीने पुन्हा कोरून ‘सुधारलेली’ असतात. चेहरा गुळगुळीत झिजलेला आणि केस मात्र धारदार असे दिसले, तर ते नाणे सोडून द्यावे.

सहावी पायरी: खरेदी आणि कायदा

नाणे नेहमी अस्सलतेची लेखी हमी आणि पक्की पावती देणाऱ्या विक्रेत्याकडून घ्यावे. पूर्वीच्या लिलावाचा किंवा संग्रहाचा उल्लेख असलेले नाणे थोडे महाग पडले तरी घ्यावे, कारण ते नाणे अलीकडे बेकायदा उकरून काढलेले नाही, याचा तो पुरावा असतो. इटलीसह अनेक देशांत जमिनीतून निघालेल्या प्राचीन वस्तूंबाबत कडक कायदे आहेत. न साफ केलेल्या नाण्यांचे ढीग वजनावर विकले जातात, त्यांपासून नव्या संग्राहकाने दूर राहावे. त्या ढिगातल्या प्रत्येक नाण्याबरोबर ते कुठे आणि कशासोबत सापडले ही माहिती कायमची नष्ट झालेली असते, आणि ही हानी मला या छंदातली सर्वांत गंभीर वाटते.

भारतात राहणाऱ्यांनी दोन कायदे माहीत करून घ्यावेत. १९७२च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे ही पुरावस्तू आहे. ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही, आणि पुरावस्तूंच्या विक्रीचा व्यवसाय करण्यासाठी परवाना लागतो. म्हणून परदेशातून रीतसर आणलेले नाणे पुढे कधी तरी तिकडच्या लिलावात परत पाठवता येईल, असे गृहीत धरू नये. आयात करताना वस्तूचे खरे वर्णन आणि खरी किंमत सीमाशुल्क विभागाला सांगावी व ती कागदपत्रे नाण्याबरोबरच जपावीत. दुसरा कायदा १८७८चा, जमिनीत सापडलेल्या गुप्तधनाचा. दहा रुपयांहून अधिक मोलाचे गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक आहे. शेतात किंवा पायाच्या खणतीत निघालेले ‘रोमन नाणे’ कोणी गुपचूप विकायला आणले, तर ते घेऊ नये. कायद्याची बाब तर आहेच, शिवाय महाराष्ट्राच्या रोमशी असलेल्या व्यापाराचा एक दुवा त्या व्यवहारात हरवतो. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती आज तिथल्या टाऊन हॉल संग्रहालयात पाहायला मिळते, ती सापडल्याची नोंद झाली म्हणूनच. इंग्लंड, वेल्स किंवा उत्तर आयर्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी संग्राहकांना जमिनीत सापडलेल्या वस्तूंबाबत १९९६चा तिथला ट्रेझर कायदा लागू होतो.

प्रत्यक्ष मार्गदर्शनासाठी नाशिकजवळ अंजनेरी येथील भारतीय नाणकशास्त्र संशोधन संस्थेला भेट द्यावी. तिथले नाणेसंग्रहालय मुख्यतः भारतीय नाण्यांचे असले, तरी ठसा, कस आणि झीज यांची दृष्टी तिथे तयार होते, आणि ती रोमन नाण्यांनाही लागू पडते.

सातवी पायरी: जपणूक आणि नोंद

घरातली तांब्या-पितळेची भांडी आपण चिंच किंवा लिंबू लावून लखलखीत करतो. नाण्याला यांतले काहीही लावू नये. शतकानुशतके जमलेला हिरवा-तपकिरी थर हेच त्याचे संरक्षण आहे, आणि तो गेला की नाण्याचे मोलही जाते. नाणे कडेने धरावे. नरम पीव्हीसी प्लास्टिकच्या पिशव्या कालांतराने चिकट हिरवा द्रव सोडतात, म्हणून आम्लविरहित कागदाची पाकिटे किंवा त्यासाठीच बनवलेल्या कडक डब्या वापराव्यात. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळोवेळी बदलाव्यात. तांब्याच्या नाण्यावर फिकट हिरवी भुकटी दिसू लागली, तर ते नाणे ताबडतोब इतरांपासून वेगळे करावे, कारण तो धातू पोखरणारा रोग आहे.

प्रत्येक नाण्याची नोंद वहीत किंवा संगणकावर करावी. त्यात वजन, व्यास, दोन्ही बाजूंचे लेख अक्षर न अक्षर, सूचीतील क्रमांक, विक्रेता, तारीख आणि आधीचे मालक असावेत. याशिवाय एक रकाना पाडणाऱ्याच्या नावाचा ठेवावा आणि दुसरा त्याच्या मृताशी असलेल्या नात्याचा. फॉस्टिनासमोर ‘पती’ येईल, कॉन्स्टंटाइनसमोर ‘मुलगे’. क्लॉडियस गॉथिकससमोर आधी त्याचा अल्पकाळ टिकलेला भाऊ क्विंटिलस आणि मग ऑरेलियन अशी दोन नावे येतील, आणि त्यांतल्या कोणत्या काळात आपले नाणे पडले, हे ठरवताना टांकसाळीच्या शैलीचा अभ्यास आपोआप सुरू होईल. पुढे याच क्लॉडियसचे, कॉन्स्टंटाइनने इ. स. ३१७-३१८च्या सुमारास पाडलेले एक लहान तांब्याचे नाणे मिळवावे. ‘दिवो क्लाउदिओ ओप्तिमो’ अशी त्याच्या लेखाची सुरुवात होते. इ. स. ३१०पासून कॉन्स्टंटाइन आपण या क्लॉडियसचे वंशज असल्याचे सांगत होता. त्या नाण्यासमोरच्या नात्याच्या रकान्यात ‘दावा केलेला वंशज’ असे लिहावे, आणि तेच नाणे पहिल्या तिघांनंतर संग्रहातले चौथे असावे.